तपासणीला जाण्याआधी

मांजरी, पुणे

प्रिय शेफाली,

तुझा मेसेज वाचला. ‘आई, बाळंतपणानंतर पाळी आलीच नाही. दिवाळीत साई इथे बार्शीला येऊन गेला होता. मळमळतंय पण. त्याला इतक्यात सांगू नका, आधी डॉक्टरांना दाखवून येते.’ मी तुला थांब म्हटलं, पत्र पाठवते म्हटलं, तर तू हसणारी तोंडं पाठवलीस. ‘पत्र? अहो आई, हल्ली बँकसुद्धा पत्र पाठवत नाही!’ खरं आहे. पण फोनवर तू मध्येच ‘हो ना आई?’ म्हणशील आणि मी ‘हो’ म्हणून मोकळी होईन, याची मला भीती वाटते. म्हणून लिहायला बसले. हे पूर्ण वाचल्याशिवाय तपासणीला जाऊ नकोस.

इकडे नवीन काही नाही. आपल्या उसाच्या रानावरची इमारत पूर्ण होत आली. नाव इंग्रजीत आहे. वॉचमनला अर्थ विचारला तर म्हणाला, ‘मावशी, गोड काहीतरी हाय.’ ऊस उपटायचा आणि नाव गोड ठेवायचं. साईनाथ कामावर जातो, येतो, पुढ्यात येईल ते जेवतो. मीठ नसलं तरी बोलत नाही. मी एकदा मुद्दाम घातलं नाही, तरी बोलला नाही.

बाळंतपणाच्या दिवशी काय झालं, हे तू कितीदा विचारलंस, आणि दरवेळी आम्ही विषय बदलला. आज सांगते. पहिल्या खेपेला गर्भ पडला तेव्हा तुझी पिशवी धुतली होती. त्यामुळे की काय, या वेळी बाळाची वार खाली बसली आणि पिशवीला आतून चिकटली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, मोठ्या दवाखान्यापासून लांब जायचं नाही. म्हणून रीत मोडून तुला माहेरी बार्शीला पाठवलं नाही. तुझी आई रुसली होती, पण बार्शीच्या वाटेवर तू वाचली नसतीस. तू कणीक मळत होतीस. ‘आई, हे बघा काय होतंय,’ म्हणालीस, तेव्हा फरशी लाल झाली होती. हडपसरच्या गर्दीत रिक्षावाला हॉर्न वाजवत नव्हता, रडत होता.

सिझर करून मुलगी बाहेर काढली. वार सुटेना, रक्त थांबेना. साईनाथच्या कंपनीतली मुलं रक्त द्यायला रांगेत उभी राहिली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि साईनाथला म्हणाल्या, ‘आता दुसरा उपाय उरला नाही. लगेच सांगा.’ तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, ‘माझ्याकडे काय बघतोस? सही कर.’ त्या सहीने तू वाचलीस. सही कशावर होती ते लिहिते, जरा दम घेऊ दे.

मुलगी दोन दिवस काचेच्या पेटीत होती. तू शुद्धीवर नव्हतीस. मला हात आत घालू दिला. तिने माझं बोट धरलं असं सांगायला मला आवडलं असतं, पण तिच्यात तेवढं बळ नव्हतं. कपाळ तुझं होतं, कान आमच्याकडचे. स्मशानात नेताना बायकांनी यायचं नसतं म्हणे. मी गेले. घरातलं एक बाईमाणूस तिच्याजवळ हवंच होतं.

आता तुझ्या सासऱ्यांचं सांगते. ते आजारातून उठणार नाहीत हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही. ‘वहिनी खचतील.’ मी म्हणायची, यांना बरं वाटलं की जेजुरीला जाऊन येऊ, आणि माझ्या जावा माना हलवायच्या. ते गेले तेव्हा दुःखाच्याही आधी मला लाज वाटली. सगळ्यांच्या देखत मी एकटीच आशेने वावरत होते! वाचायची खोड मला त्यानंतर लागली. माणसं सांगत नाहीत, निदान पुस्तक तरी सांगेल. तुझ्या ऑपरेशनबद्दलही मी वाचून काढलं. वाचून काही हलकं झालं नाही.

शेफाली, तुझी पाळी आली नाही आणि येणारही नाही. त्या दिवशी वारेबरोबर तुझी गर्भपिशवी काढावी लागली. अंडाशयं ठेवली आहेत, म्हणून अंगात सगळं पूर्वीसारखं वाटतं, पण मूल वाढायला आता जागा नाही. डॉक्टरीणबाई तुला सांगणार होत्या. साईनाथ म्हणाला, ‘मी सांगतो,’ आणि त्याला ते जमलं नाही. तुझ्या आईला माहीत आहे, भावालाही. म्हणूनच ‘आणखी थोडे दिवस राहा’ चाललंय. दिवाळीत तू पुढच्या बाळाची नावं काढत होतीस आणि तो शेजारी बसून पसंत करत होता. घरी आल्यावर नळ सोडून तो बराच वेळ मोरीत उभा होता. तो तुला कधीच सांगणार नाही. मग तिथल्या तपासणीच्या टेबलावर कुणी परकी बाई सहज बोलून जाईल, ‘अहो, तुम्हाला पिशवीच नाही.’ तसं कळू नये, एवढ्यासाठीच हे पत्र. दत्तक, देव, नशीब यातलं मी काही लिहीत नाही, ते सांगणारे पुष्कळ येतील. साईनाथवर राग धरलास तर मी मध्ये पडणार नाही. माझ्यावर धरलास तरी चालेल. वाचून झालं की फोन लाव. बोलू नकोस. तू ठेवेपर्यंत मी नुसती फोन कानाला धरून बसेन.

तुझीच,
आई