डब्यातली जुनी पावडर

३ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या कपडे धुण्याच्या मशीनने आमचा पिच्छा पुरवला आहे. काल पुन्हा त्याच्या दारातून फेस बाहेर आला आणि चपला, पायपुसणं सगळं न्हाऊन निघालं. तुझे बाबा म्हणतात, एवढा फेस येतो म्हणजे मशीन कामसू आहे. पण नंतर सगळे कपडे मलाच बादलीत हाताने पुन्हा खळबळावे लागतात. तू सांगितलीस तीच फ्रंट लोडची पावडर आणली, तरी ही तऱ्हा. हे धूड परत घेऊन जा.

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जप.

तुझी आई

९ जून

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोक्याला हात लावला. मजकूर तुझा, मग अक्षर बाबांचं का? बोटं पुन्हा फुटली ना? मशीन मी हौसेखातर घेतलेलं नाही. साबणाने तुझ्या बोटांना भेगा पडतात, रेशमाचे धागे त्यात अडकतात, म्हणून तू गिऱ्हाईक परत पाठवलंस. तीस वर्षं शिवणकाम केलेल्या माझ्या आईने! मला फार वाईट वाटलं होतं गं.

आता खरं सांग, नवी पावडर कशात ठेवली आहे? आपल्या घरची खोड मला पक्की ठाऊक आहे. नवं आणलं की ते जुन्याच डब्यात, जुन्यावरच ओतायचं. आणि बोटं बरी होईपर्यंत कपड्यांच्या पाण्यात हात घालू नकोस. एवढं ऐक.

तुझ्यावर चिडलेली, पण तुझीच,
धाकटी

२८ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

डबा उपडा केला. आत निम्मी पावडर जुनी, हाताने कपडे धुण्याची, भरपूर फेसाची! तुझ्या बाबांनी नवी त्यावर ओतून चमच्याने छान कालवली होती, वाया कशाला घालवायची म्हणून. मी बोलले तर दोन दिवस गाल फुगवून बसले. ते मिश्रण अजूनही टाकू देत नाहीत, जिना धुवायला ठेवलं आहे.

आता नवी पावडर पुडक्यातूनच, तीही दोन चमचे. फेस दिसतच नाही, त्यामुळे माझं मन काही भरत नाही. बाबा स्टूल टाकून काचेसमोर पहारा देतात. कपडे मात्र स्वच्छ निघतात, हे तुझ्यापुढे कबूल करायचं जिवावर आलं आहे.

परत पाठवलेली बाई काल स्वतःच आली. तिच्या रेशमी झग्याची अख्खी कड मी दुमडली. बोटांत एकही धागा अडकला नाही.

लोभ आहेच, चिडचिड तेवढी कमी कर. आणि अक्षर बघ. गिचमिड आहे, पण माझं आहे.

तुझी आई