लमासीच्या चाकशाळेची वाटणी

सूर्यदेव शमाश वरून पाहतो आहे हे जाणून मी, लमासी, सिप्पर शहरातला चाककार हाबिल-केनू याची विधवा, पुढील मजकूर सांगते आणि लेखनिक इल्शू तो ओल्या मातीच्या पाटीवर उमटवतो. माझे पाय गेले, उजवा डोळा गेला. अक्कल जागेवर आहे. खात्री हवी त्याने माझ्या सुनेला विचारावे, तिला ती रोज सोसावी लागते. नवऱ्याने घर आणि चाकशाळा शिक्क्यानिशी माझ्या नावे केली, म्हणून वाटण्याचा अधिकार माझा. मला कोणी भरीस घातलेले नाही.

शेजारीण बेल्तानी हिने माझा जवाच्या दारूचा रांजण नेलेला आहे. तो तिलाच राहू द्यावा. मात्र तो आपल्या माहेरचा आहे, असे तिने माझ्या पश्चात तरी सांगत फिरू नये.

तांब्याची कढई, लोकरीची पांघरुणे आणि माझ्या कानातले सून कुनुतू हिला. ती माझा धाकटा मुलगा मन्नुम याची विधवा आहे.

आता चाकशाळा.

हाबिल-केनूच्या घराण्यात सांगत, की पहिले चाक कुंभाराचे, आडवे फिरणारे. कोणा पूर्वजाने ते उभे करून गाडीला लावले. खरे-खोटे देव जाणे. माझ्या नवऱ्याने जन्मभर भरीव चाकेच केली, तीन फळ्या जोडून. एक चाक उचलायला दोन माणसे लागत. मग एका हिवाळ्यात उत्तरेकडचा एक सुतार आमच्या पडवीत राहिला आणि थोरला मुलगा इब्बी त्याच्याकडून लाकूड वाकवायला आणि चाकाच्या मधल्या तुंब्यात आरे बसवायला शिकला. पहिले आऱ्यांचे चाक त्याने अंगणात आणले तेव्हा बाप म्हणाला, “हे चाक आहे का कोळ्याचं जाळं? मधे नुसती हवाच की!”

“हवेला वजन नसतं, बाबा.”

“आणि बैल ओढणार काय? तुझी जीभ?”

नंतर कोणी पाहत नाही असे समजून नवऱ्याने ते चाक एका हाताने उचलले. त्या दिवशी तो जेवला नाही. सकाळी इब्बीला एवढेच म्हणाला, “लाकूड पुरतं सुकू देत जा. फळी ओली असली तर नुसती वाकडी होते. तुझा आरा निसटला तर माणूस मरेल.” त्यानंतर वर्षभरात तो वारला.

पुढे राजवाड्याला डोंगरी गाढवांचे, म्हणजे उत्तरेचे लोक ज्यांना घोडे म्हणतात त्यांचे, रथ हवे झाले. मन्नुम सारथी झाला. स्वारी तोंडावर आली तसा रथांवरचा अंमलदार गिमिल्लू माझ्या अंगणात येऊन उभा राहिला.

इब्बी म्हणाला, “मालक, लाकूड ओलं आहे. उन्हाळा जाऊ द्या.”

“शत्रूला सांगू का, बाबा रे, आमचं लाकूड वाळतंय, जरा थांब?”

इब्बीने ओल्या लाकडाची चाके केली. लढाई सुरू होण्याआधीच, कालव्याच्या उतारावर, मन्नुमच्या रथाचे चाक फुटले. मागचे रथ थांबू शकले नाहीत. माझे लेकरू घरी आले ते बापाने केलेल्या भरीव चाकांच्या गाडीवरून. आतल्या खोलीत, जमिनीखाली, आम्ही त्याला बापाशेजारी ठेवले.

कुनुतूने सगळ्यांदेखत विचारले, “भावजी, चाक कुणाचं होतं?”

इब्बी म्हणाला, “सुकं लाकूड एका जोडीपुरतंच होतं. ती जोडी मी मन्नुमच्याच रथाला घातली होती, वहिनी. गिमिल्लूने ती काढून सेनापतीच्या रथाला लावली.”

“असं तुम्ही म्हणता.”

“असंच झालं.”

गिमिल्लू राजवाड्याचा माणूस, त्याला विचारायची सोय नाही. सेनापती सुखरूप परतला, एवढे मला ठाऊक आहे. मी कधी इब्बीवर विश्वास ठेवते, कधी नाही. मुलगा म्हणून पाहिले की ठेवते. त्याचे हात पाहिले की ठेवत नाही. त्या दिवसापासून कुनुतूने त्याला उंबरा ओलांडू दिलेला नाही. मृतांना पाणी घालण्याचा मान थोरल्याचा, पण ते पाणी तीच घालते. इब्बी अजून राजवाड्याची चाके करतो.

म्हणून ठरवते: घर, जमिनीखालच्या माणसांसकट, कुनुतूचे. इब्बीला आत घ्यावे की नाही हे तिने ठरवावे. मी मेल्यावरही तिला कोणी टोचू नये.

चाकशाळा, वाकस-पटाश्या ही हत्यारे आणि सुकत असलेले सर्व लाकूड इब्बीचे. अट एक: ओल्या लाकडाचे चाक तिथून बाहेर पडायचे नाही, मागणारा राजा असला तरी. पडले, तर चाकशाळा कुनुतूची, आणि तिने ती खुशाल जाळावी.

इथवर उमटले तेव्हा इब्बीला बोलावले. तो दाराबाहेर उभा राहिला. लेखनिकाने वाचून दाखवले.

“आई, राजवाड्याला नाही म्हणणारा सिप्परमध्ये किती दिवस टिकतो?”

“मग खाटा कर. नांगर कर. तुझ्या बापाची भरीव चाकं कर, हसू दे लोकांना.”

“आणि त्यांनी मला धरून नेलं तर?”

मी अट खोडली नाही. इब्बीने उंबऱ्याबाहेरूनच हात आत घालून साक्ष म्हणून मातीवर नख दाबले.

“वहिनी, आज पाणी घालू का त्याला?”

कुनुतू आतून म्हणाली, “घडा रिकामा आहे. उद्या या.”

ही पाटी जो फोडील किंवा तिच्यातले शब्द फिरवील, त्याला शमाशाने उजेड दाखवू नये.

साक्षी: रिश-एर्रा, सुतार, शिक्का. अब्बा-ताबू, कालव्याचा राखणदार, शिक्का नाही म्हणून वस्त्राच्या काठाचा ठसा. इब्बी, नखाची खूण. लमासी, नखाची खूण. लेखनिक इल्शू.

सिप्पर, कापणीचा महिना, राजाने कालव्याचा बांध नवा बांधला ते वर्ष.