पिवळी चिठ्ठी

तीर्थरूप बाबांना धाकटीचा नमस्कार,

डोळ्याच्या ऑपरेशननंतर आता पत्र स्वतःच वाचता येतंय ना? मग हे आईच्या हाती देऊ नका. मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. आईचे गुडघे कसे आहेत?

काम तेच, यंत्रांची इंग्रजी माहितीपुस्तकं जपानीत करायची. एखाद्या शब्दाचा अर्थ नक्की नसला की आम्ही त्यावर पिवळी चिठ्ठी चिकटवतो. इंजिनिअरचं उत्तर येईपर्यंत ते पान छापायला जात नाही.

मागे पत्रा दाबायच्या एका प्रेसच्या पुस्तकात होतं, लाल दिवा लागला की 'क्लिअर'. म्हणजे अडकलेला पत्रा काढा, की बाजूला व्हा? जपानीत दोन्हीला वेगळे शब्द आहेत. मी चिठ्ठी लावली. आठ दिवस उत्तरच नाही. शेवटी मी 'काढा' लिहिलं.

काल बातमी आली. लाल दिवा लागल्यावर त्या प्रेसमधला पत्रा काढताना एका कामगाराचा उजवा हात मनगटापासून गेला.

साहेब म्हणाले, "तुम्ही कशाला घाबरता? तुमची चिठ्ठी दाखवू, इंजिनिअर बघेल काय ते."

चिठ्ठी नाही, बाबा. मीच ती काढून टाकली. पुस्तक संपल्याशिवाय रजा मिळणार नव्हती आणि मला तुमच्या ऑपरेशनला यायचं होतं.

तुमची दोन बोटं प्रेसमध्ये गेली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, चूक माझीच, मी सूचना वाचली नव्हती.

त्याने वाचली होती, बाबा.

तुमची,
धाकटी