शाल आणि बदलीचा अर्ज

आरमोरी, शनिवार, संध्याकाळ

झाला एकदाचा सत्कार. माझ्या कादंबरीला पुरस्कार मिळाला म्हणून शाळेने मांडव घातला, आणि एवढ्या उकाड्यात आमच्या गटशिक्षणाधिकारी साहेबांनी माझ्या खांद्यावर लोकरी शाल टाकली. ती अजून खुर्चीवर तशीच पडली आहे. घडी करायचीही इच्छा होत नाही.

साहेब माइकवर म्हणाले, "मॅडमनं नागपूरले बदली मागितली होती. मी अर्ज पुढं पाठवलाच नाई. आपली लेखिका आपण काऊन जाऊ द्याची?" केवढ्या टाळ्या! मीही वाजवल्या की काय? नाही, हात जोडले असतील.

नवरा आणि दहावीतली जुई नागपूरला. दुपारीच तिचा फोन आला होता, "आई, आता तरी सोडतील ना तुला?" काय सांगू पोरीला? ही शाल दाखवू?

माझ्या कादंबरीतली मास्तरीण शेवटी सगळं सोडून पहिल्या एसटीत बसते आणि मागे वळूनही बघत नाही. निघताना साहेब जवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, तो शेवट वाचून मले रडू आलं."

आणि मी, शाल सावरत, चक्क "धन्यवाद, साहेब" म्हटलं.