दोन्ही टोकांना उलटलेली तार

मी, आनिबाल कान्येते, वय एकाहत्तर, राहणार असुन्सिओन, धंदा घरोघरी सिनेमाच्या खोल्या जोडून देण्याचा, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवतो. डॉक्टर आशा देत नाहीत आणि मीही मागत नाही. फार थकलो आहे.

१. राहते घर पत्नी देल्फिना हिचे, तिच्यामागे भाची मिर्ता हिचे. अंगणातला आंबा तोडू नये. पानांच्या कचऱ्यावरून मिर्ता कुरकुरते, ती कुरकुर चालू ठेवावी.

२. बँकेतली शिल्लक देल्फिनाच्या औषधपाण्याला.

३. मेहुणा रामोन याने नेलेली शिडी त्याला रीतसर देत आहे. निदान चोरीची तरी राहणार नाही.

४. मागची खोली. अर्धांगाच्या झटक्यानंतर देल्फिनाचे एकच बोट चालते. त्या बोटासाठी मी एक बटण बसवले. ते दाबले की पडदा उतरतो, प्रोजेक्टर लागतो, आवाज येतो. कोणाची मनधरणी न करता ती दिवसभरात एवढे एकच काम करते. दुकानातल्या माणसाने परवा नवी सिरियल तार, म्हणजे यंत्रांना एकमेकांशी बोलू देणारी तार, टाकली आणि बटण मुके झाले. मला पलंगावरून उठवत नाही. ते बटण चालू राहिले पाहिजे. माझ्या दृष्टीने खरे कलम हेच, बाकीची नोटरीबाईंसाठी.

५. सर्व हत्यारे सेफेरिनो ब्रितेस याला, त्याने बटण सांभाळावे म्हणून. तो माझा भागीदार होता. एका वकिलाच्या घरी यंत्रे एकमेकांचे ऐकेनात. एकाची बोलायची तार दुसऱ्याच्या ऐकायच्या जागी यावी लागते, म्हणून दोन तारा एका टोकाला उलटून जोडतात. मी प्रोजेक्टरकडे उलटल्या. त्याने मला न सांगता यंत्रांच्या कपाटाकडे उलटल्या. उलटाचे पुन्हा सुलट झाले, आणि मालकासमोर आम्ही एकमेकांची अक्कल काढली. तेव्हापासून बोलणे नाही. मी विचारले नाही हे खरे, पण तोही मूग गिळूनच बसला होता. हे मी मागे घेत नाही.

सहीपूर्वीची नोंद: दुसरा साक्षीदार आला नाही, म्हणून मिर्ताने मला न विचारता सेफेरिनोलाच आणून उभे केले.

नोटरीबाई म्हणाल्या, "साक्षीची सही केलीत तर हत्यारं मिळणार नाहीत तुम्हाला. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही."

"राहू देत. त्याच्या पकडीला धार कधी होती? माझी आहेत माझ्याकडे," म्हणत तो मागच्या खोलीत गेला. बराच वेळ खुडबुड चालली. मग तिथूनच त्याने हाक मारली.

"आनिबाल, भिंतीतली तार कुठल्या टोकाला उलटलीयस?"

हा प्रश्न त्या वकिलाच्या घरी यायला हवा होता.

"प्रोजेक्टरच्या."

"मग ही नवी काढून सरळ तार लावतो. दुकानातनंच उलटून आलीय. आणि मिर्ताला सांग, दर गुरुवारी येईन, तेरेरेच्या गार काढ्यात बर्फ भरपूर हवा."

थोड्या वेळाने पडदा उतरल्याची घरघर ऐकू आली. बटण देल्फिनानेच दाबले असणार, कारण ती हसत होती.

हत्यारे मिर्ताला. बाकी वरीलप्रमाणे.

असुन्सिओन, १४ ऑगस्ट २०१९
सही: आनिबाल कान्येते
साक्षीदार: १. एल्विओ दुआर्ते, शेजारी
२. सेफेरिनो ब्रितेस, भागीदार