कोपलेली नाव

बेटवाडी, जि. नांदेड
४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. दीपालीस अनेक आशीर्वाद.

घरात फोनवर बोललेलं सगळं आईला ऐकू जातं, म्हणून हा कागद. पूल अजून पाण्याखाली आहे. डायलिसिसला आईला आपल्या फायबरच्या नावेनंच न्यावं लागतं, पण डेकवरचे खरबरीत दाणे झिजून तो गुळगुळीत झालाय. गेल्या आठवड्यात ती घसरली, पाण्यात पडता पडता वाचली. तेव्हापासून नाव कोपली म्हणते, मेले तरी तिच्यात पाय ठेवणार न्हाई म्हणते. डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकल्या. पाय सुजलेत, आडवं झालं की धाप लागते.

नांदेडहून जेलकोट, म्हणजे फायबरवर द्यायचा तो घट्ट लेप, आणून दोनदा लावला. दोन्ही वेळा कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघाला. मी थर्माकोलच्या तराफ्यावरून पलीकडं जाऊन हे पत्र उदगीर गाडीच्या लिंबाजी ड्रायव्हरकडं देतोय. आईला त्या तराफ्यावर बसवायची माझी छाती नाही. जावईबापू मलप्पारावांना विचार, मी हात टेकले.

तुझा, वैजनाथ

उदगीर
५ सप्टेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, लगेच यांना वाचून दाखवलं. यांच्या पायाला प्लास्टर आहे, त्यामुळं मलाही निघता येत नाही. फायबरच्या टाक्या करणारा माणूस खाटेवरून हुकूम सोडतोय, तो असा: खाली तेलाचा हात लागला असेल तर जेलकोट धरत नाही. सगळं घासून काढ, फडकी बदलत अ‍ॅसिटोननं पूस, मग लाव. तेल येतं कुठून, असं विचारतात. नावेत बसून जेवायची तुझी खोड मी सांगितली नाही.

आईला कसंही करून ने रे. आमच्यावरचा लोभ आहेच, आधी तिचं बघ.

दीपाली

बेटवाडी
६ सप्टेंबर

चि. सौ. दीपालीस आशीर्वाद.

तेल माझ्या डब्यातलं नाही. दुरुस्तीसाठी नाव अंगणात ओढलीय. आज सकाळी आई भिंत धरत आली आणि जिथं घसरली तिथंच वाटीतलं हळद-तेल चोळून तिनं हात जोडले. कोप शांत व्हावा म्हणून रोज करते. मी पत्र्याआड उभा राहून रडलो.

आपल्याच हातानं बिघडलं हे कळलं तर ती अन्न सोडेल. नाही सांगितलं तर लावलेलं पुन्हा निघेल. काल तिला बसूनच झोपावं लागलं. मला काही सुचत नाही, दीपे.

वैजनाथ

उदगीर
७ सप्टेंबर

ती. दादास नमस्कार.

तिला सांगू नकोस. म्हणावं, उदगीरकडं नावेला तेल चालत नाही, वाळूनं ओटी भरतात. गोदेची वाळू धुऊन, वाळवून, चाळून ठेव. ताज्या जेलकोटवर ती आईच्या ओंजळीनंच पडू दे. यांच्या मते त्या दाण्यांनीच पाय धरेल. आईशी खोटं बोलताना जीव तुटतोय, पण ती राहिली तर पुढं पाया पडून माफी मागता येईल.

वाट पाहणारी, दीपाली

बेटवाडी
१० सप्टेंबर

चि. सौ. दीपालीस अनेक आशीर्वाद.

सगळं घासून, पुसून जेलकोट लावला, वर आईनं ओटी भरली. तो दगडासारखा वाळला. काल नाव पाण्यात सोडली, तिनं अनवाणी एक पाय ठेवला, दाबून पाहिला, मग दुसरा ठेवला. धरलं की रं हिनं, म्हणाली. दवाखान्यात डॉक्टर मला फार बोलले, आणखी उशीर झाला असता तर हाती काही उरलं नसतं म्हणाले. मशीनवरून उठली तेव्हा धाप कमी होती.

परतताना बराच वेळ ती डेकवर हात फिरवत होती. मग तिनं तुला निरोप दिला. तेलाची वाटी घासून फडताळात ठेवलीय म्हणाली. आणि कोरड्या उदगीरला नाव कुणी पाहिली, ते तेवढं ईचार म्हणाली.

तुझा, वैजनाथ