दीपूची नवी फळी

ती. अक्का,
तुझ्या धाकटीचा गोकर्णहून नमस्कार.

मी बरी आहे. इथं भातच फार, पण दीपूनं माझ्यासाठी ज्वारीचं पीठ मिळवलंय. तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली का?

दीपू समुद्रात फळीवर उभं राहून लाटेवरून यायला शिकवते, ते तुला ठाऊकच आहे. काल तिला स्वतःसाठी मधल्या लांबीची फळी घ्यायची होती. मी आधी मोबाईलवर मिळेल ते वाचून गेले. रुंद, जाड फळी लहान, संथ लाटांसाठी आणि नवशिक्यांसाठी. अरुंद, मागं निमुळती असते ती उंच लाटेत पकड धरते.

दुकानात मी सरळ रुंद फळीवर हात ठेवला. हे तापीत बुडाले तेव्हापासून पाणी बघितलं की मी मागं सरते. वाटलं, ही घेतली तर पोरगी लहान लाटांतच राहील.

दीपू हसली. "माय, मोठ्या लाटांवर मी जासूच. फळी तू कोनतीबी दे."

मी दुकानदाराला विचारलं, "ही घेऊन मोठ्या लाटेत गेली तर?"

"ताई, तिथं ही फळी तिच्या ताब्यात राहायची नाही."

मग मीच अरुंद फळी उचलून तिच्या हातात दिली.

आता ती पाण्यात आहे. मी वाळूत बसून लिहितेय आणि दर ओळीला मान वर करून तिचा लाल सदरा शोधतेय.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तिनं विचारलंच, तर इथल्या लाटा लहान असतात म्हणून सांग.

तुझी,
प्रमिला